घरी केलेलं सॅलड ड्रेसिंग: किती दिवस ठेवायचं, कधी टाकून द्यायचं

विकतच्या ड्रेसिंगची बाटली उघडल्यावरही फ्रीजमध्ये महिना-दोन महिने सहज राहते. घरी केलेलं ड्रेसिंग कधी दोन आठवडे टिकतं, कधी चार दिवसांत टाकावं लागतं, आणि दोन्ही बरण्या बाहेरून सारख्याच दिसतात. मग बहुतेक जण काय करतात? झाकण उघडून वास घेतात, बोटावर थेंबभर घेऊन चाटून बघतात आणि निकाल लावून मोकळे होतात. ही सवय मला खरोखर धोक्याची वाटते. ती का धोक्याची हे एकदा समजलं, की बाकीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

सुरुवात पाण्यापासून करू. जंतूंना वाढायला पाणी लागतं. निव्वळ तेलात ते वाढत नाहीत. त्यामुळे कुठल्याही ड्रेसिंगबद्दल पहिला प्रश्न हा, की यात पाणी कुठे आहे? व्हिनेगर म्हणजे बहुतांशी पाणीच. लिंबाचा रस, दही, अंड्याचा बलक, किसलेली काकडी, लसणाची पाकळी, ताजी हिरवी पानं, सगळ्यांत पाणी आहे. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: ते पाणी किती आंबट आहे?

आंबटपणा मोजायला पीएच हे माप वापरतात. आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त, आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट फरक. व्हिनेगरचा पीएच साधारण २.५ असतो, लिंबाच्या रसाचा २ ते ३, दुधाचा ६.७ च्या आसपास. अन्नसुरक्षेत ४.६ हा आकडा सीमारेषा मानला जातो. पीएच त्याच्या खाली असेल तर बोट्युलिझम (जंतूच्या विषामुळे अंगातली ताकद जाणारा गंभीर आजार) घडवणारा जंतू वाढून विष तयार करू शकत नाही. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या साल्मोनेलासारखे काही जंतू मात्र याच्या थोडं खालीही तग धरतात. म्हणून आंबट आहे म्हणजे आता काळजीच नको, असंही समजू नका.

आता तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर असं साधं ड्रेसिंग घ्या. बरणी खळखळून हलवली की व्हिनेगरचे बारीक बारीक थेंब तेलात विखुरतात. यातलं सगळं पाणी त्या थेंबांमध्ये आहे, आणि प्रत्येक थेंब जवळपास मूळ व्हिनेगरइतकाच आंबट आहे. तेल तिप्पट असलं तरी त्याने आम्लता पातळ होत नाही. जिभेला मात्र हेच मिश्रण सौम्य लागतं, कारण तेल जिभेवर पसरतं आणि आंबटपणा झाकतं. मध किंवा साखर घातली तर आणखीच सौम्य लागतं, पण पीएच जवळपास तिथेच असतो. उलटही होतं: चवीला चांगलं आंबट लागणारं दाट ड्रेसिंग प्रत्यक्षात सुरक्षित रेषेच्या वर असू शकतं. चवीवरून आम्लतेचा अंदाज बांधता येत नाही तो यामुळे.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. व्हिनेगरमध्ये तेवढंच साधं पाणी घातलं तर पीएच अगदी थोडासाच वर सरकतो. आम्लता खरी खाली ओढतात ते दाटपणासाठी घातलेले पदार्थ: बलक, दूध, ताहिनी (तिळाची पेस्ट), काजूची किंवा बदामाची पेस्ट, अ‍ॅवोकॅडो. यांतली प्रथिनं आणि क्षार आम्ल शोषून घेतात. त्यामुळे दोन चमचे व्हिनेगर साध्या ड्रेसिंगमध्ये जितकं काम करतं, तितकं ते वाटीभर काजू पेस्टमध्ये करूच शकत नाही. आणि फार आंबट झालं म्हणून कुणी चिमूटभर खाण्याचा सोडा घालायला सुचवलं तर ऐकू नका. सोडा आम्ल मारतो, म्हणजे ड्रेसिंगचं होतं तेवढं संरक्षणही जातं. गोडी किंवा तेल वाढवा. चव जुळते आणि आम्लही शाबूत राहतं.

टिकवण्यासाठी लिंबू बरं की व्हिनेगर? माझं मत व्हिनेगरच्या बाजूने आहे. पीएच सारखा असला तरी व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल जंतूंच्या पेशीत जास्त सहज शिरतं आणि आतून त्यांना रोखतं; लिंबातलं सायट्रिक आम्ल त्या मानाने सौम्य पडतं. शिवाय प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा, तर व्हिनेगरच्या बाटलीवर त्यातल्या आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं, बहुधा ४ ते ५ टक्के. त्याच दिवशी संपवायचं ड्रेसिंग असेल तर मात्र ताज्या लिंबाची चव सोडू नका.

तेलात बुडवलेला लसूण

या एका विषयावर मला थोडं थांबायचं आहे, कारण घरगुती ड्रेसिंगमधला सर्वांत गंभीर धोका इथे आहे आणि तो दिसायला अगदी निरुपद्रवी आहे.

लसूण मातीत वाढतो. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जंतूचं झोपलेलं, कवचबंद रूप. धुऊन ते पूर्ण जात नाहीत आणि उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. लसणावर ते असले तरी एरवी काही बिघडत नाही, कारण या जंतूला जागं व्हायला हवा नसलेली, ओलसर आणि फारशी आंबट नसलेली जागा लागते. लसणाची पाकळी तेलात बुडवली की नेमकं तेच मिळतं. तेल हवा अडवतं, पाकळीच्या आत पाणी आहेच, आणि लसणाचा पीएच ६ च्या आसपास, म्हणजे सुरक्षित रेषेच्या बराच वर. अशी बाटली ओट्यावर, उबेत राहिली तर काही दिवसांत विष तयार होऊ शकतं. त्याला रंग नसतो, बुडबुडे येतीलच असं नाही, आणि लसणाचा स्वतःचा वास इतका उग्र असतो की बारीकसा बदल नाकाला कळतही नाही.

१९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका रेस्टॉरंटमध्ये तेलातला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर ठेवला गेला आणि तो खाऊन ३६ जणांना बोट्युलिझम झाला. हा आजार इतका विरळा, की कित्येक रुग्णांचं सुरुवातीला भलतंच निदान झालं होतं. १९८९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टन इथे तेलातल्याच लसणामुळे आणखी तीन जण आजारी पडले. त्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा विक्रीच्या उत्पादनांत आम्ल घालणं सक्तीचं केलं. दुकानातली तेलातल्या लसणाची बरणी आणि घरची बरणी यांत हा फरक आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

मग घरी काय करायचं? लसूण घातलेलं तेल किंवा ड्रेसिंग लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. चारच दिवस का, तर या जंतूचे काही प्रकार ३ अंश सेल्सिअसलाही संथपणे वाढू शकतात. फ्रीज त्यांना पूर्ण थांबवत नाही, वेळ मिळवून देतो. ड्रेसिंगमध्ये व्हिनेगर भरपूर असेल तर धोका पुष्कळ कमी होतो, पण अख्ख्या पाकळीच्या गाभ्यापर्यंत आम्ल पोचायला वेळ लागतो. म्हणून लसूण बारीक वाटून आधी व्हिनेगरमध्ये कालवा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि तेल शेवटी घाला. क्रम उलटा झाला, तर तेलाचा थर लसणावर आधी बसतो आणि आम्लाला आत शिरणं अवघड जातं. हे केलं तरी चार दिवसांची मर्यादा सोडू नका. जास्त दिवस ठेवायचंच असेल तर वाळवलेल्या लसणाची पूड वापरा. व्हिनेगरच्या ड्रेसिंगमध्ये तिचा प्रत्येक कण लगेच आम्लात भिजतो.

ताजा कांदा, आलं, मिरची, ओली हिरवी पानं यांनाही हाच न्याय.

कोणतं किती दिवस

फक्त तेल, व्हिनेगर, मीठ, मोहरीची पेस्ट आणि कोरडे मसाले असतील तर ड्रेसिंग फ्रीजमध्ये दोन आठवडे चांगलं राहतं. त्यात ताजं काही पडलं, की चार दिवस. दही, ताक, साय किंवा चीज असलेलं ड्रेसिंगही चार-पाच दिवसांत संपवा. आणि दह्याच्या डब्यावरची तारीख त्याआधी संपत असेल तर तीच ड्रेसिंगची तारीख. ड्रेसिंगचं आयुष्य त्यातल्या सर्वांत नाजूक घटकाइतकंच असतं. ताहिनी आणि काजू-बदामाची पेस्ट बरणीत कोरडी असते तोवर महिनोनमहिने टिकते. तिच्यात पाणी घालून पातळ केलं, की ती तीन-चार दिवसांची झाली. अ‍ॅवोकॅडोचं ड्रेसिंग एक-दोन दिवसांत खाऊन टाका.

अंड्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं. मेयोनीज आणि त्यावर बेतलेल्या ड्रेसिंगमध्ये कच्चा बलक असतो, आणि कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो. लिंबू पिळलं म्हणजे तो लगेच मरतो हा समज चुकीचा आहे. आम्लाला त्यासाठी वेळ लागतो, आणि थंडीत तर आम्लाचं हे काम आणखी मंदावतं. फ्रीज जंतूंची वाढ रोखतो, असलेले जंतू मारत नाही. म्हणून शक्य असेल तिथे पाश्चराइज केलेली, म्हणजे जंतू मारण्यासाठी न शिजवता गरम करून घेतलेली, अंडी वापरा. ती मिळत नसतील तर बलक, लिंबाचा रस आणि थोडं पाणी एकत्र करून अगदी मंद आचेवर सतत ढवळत ७१ अंशांपर्यंत न्या, भांडं लगेच गार पाण्यात ठेवा आणि मग तेल घाला. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर त्यासाठी पुरतो. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी जेवायला असेल, तर कच्च्या अंड्याचं ड्रेसिंग करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एरवीही ते तीन दिवसांच्या पुढे नेऊ नका.

बरणी, फ्रीज आणि चमचा

काचेची बरणी सर्वांत चांगली. प्लास्टिकमध्ये जुन्या तेलाचा वास मुरतो आणि बारीक ओरखड्यांत मळ अडकतो. धातूचं उघडं झाकण व्हिनेगरमुळे गंजतं. बरणी धुताना झाकणाच्या आतली रबरी चकती काढून बघा. तिच्या खाली जुन्या ड्रेसिंगची पिवळट, चिकट रेघ बहुतेक वेळा सापडते. बरणी वरून कितीही लखलखीत असली तरी नवं ड्रेसिंग आधी त्या रेघेला भेटतं. चकती गरम पाण्याने आणि साबणाने वेगळी घासा, आणि सगळं पूर्ण कोरडं झाल्यावरच भरा. दाबून पिळायच्या बाटल्यांची मला काळजी वाटते ती यामुळेच; त्यांच्या चोचीत ब्रश नीट पोचत नाही.

बरणी ड्रेसिंगच्या मापाची निवडा. मोठ्या बरणीच्या तळाशी थोडंसं ड्रेसिंग म्हणजे वर भरपूर हवा, आणि हवेने तेल लवकर खवट होतं.

फ्रीजचं तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी हवं. दारातला कप्पा बाटल्यांसाठी सोयीचा वाटतो, पण दर वेळी दार उघडलं की बाहेरची हवा सर्वांत आधी तिथेच लागते. व्हिनेगर-तेलाचं साधं ड्रेसिंग तिथे चालेल. अंडं, दही, लसूण असलेलं आतल्या बाजूला, मागे ठेवा. बरणीवर केल्याची तारीख लिहून चिकटवा. आज तुम्हाला पक्कं आठवतंय, पण घरातल्या दुसऱ्या माणसाला ते कळायला हवं.

जेवताना बरणी टेबलावर आणण्यापेक्षा लागेल तेवढं वाटीत काढा आणि उरलेलं बरणीत परत ओतू नका. सॅलडला लागलेला, तोंडाला लागलेला चमचा बरणीत गेला की वरचे सगळे दिवस मोजण्यात अर्थ उरत नाही. फ्रीजबाहेर एकूण दोन तास ही कमाल मर्यादा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. उबेत काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. दोन तासांत एकाचे ६४, चार तासांत ४,०९६. आणि हे तास जोडून मोजायचे: सकाळी अर्धा तास आणि रात्री दीड तास म्हणजे झाले दोन.

बिघडलं की नुसतं बदललं?

आधी घाबरायचं कारण नसलेल्या गोष्टी. तेल वर आणि व्हिनेगर खाली असे दोन थर होणं हा ड्रेसिंगचा स्वभाव आहे, हलवलं की पुन्हा एक होतं. ऑलिव्ह तेलाचं ड्रेसिंग फ्रीजमध्ये गढूळ होतं, त्यात पांढरट गोळ्या दिसतात. ते गोठलेलं तेल आहे. लागेल तेवढं वाटीत काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, विरघळेल. लसूण आम्लात कधी कधी निळा-हिरवा पडतो आणि लोक घाबरून सगळं फेकून देतात. लसणातले गंधकयुक्त घटक आणि अमिनो आम्लं यांच्यात होणारी ही क्रिया निरुपद्रवी आहे. दह्याच्या ड्रेसिंगला थोडं पाणी सुटणंही नेहमीचंच.

आता खरी बिघाडाची चिन्हं. बरणीचं झाकण उघडताना फस्स आवाज येणं, न हलवताही आत बुडबुडे असणं किंवा झाकण फुगणं म्हणजे आत काहीतरी आंबतंय. काही यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस जातीतले जंतू आम्लातही जगतात, आणि मध-साखर असलेलं ड्रेसिंग त्यांना विशेष मानवतं. वर तरंगणारी पांढुरकी साय, चमच्याने उचलल्यावर तार धरणारा बुळबुळीतपणा, दारूसारखा किंवा कुबट वास, ही सगळी याच कुळातली. यांतलं काहीही दिसलं तर बरणी रिकामी करा.

बुरशीचा ठिपका दिसला तर तो काढून बाकीचं वापरण्याचा मोह आवरा. पातळ पदार्थात तिचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. शिवाय बुरशी आम्ल खाते. ती वाढली तिथला पीएच वर चढतो, आणि आम्लामुळे आजवर दबलेल्या जंतूंना वाट मोकळी होते.

खवटपणा ही वेगळी बाब. हवा आणि प्रकाशामुळे तेलाचं ऑक्सिडेशन होतं आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागतो, घशाशी चरचरतं. जवस आणि अक्रोड यांची तेलं यात सर्वांत पुढे. खवट ड्रेसिंगने लगेच आजारी पडायला होत नाही, पण चव गेली ती गेलीच. तेल घालण्याआधी बाटलीचा वास घ्या. नाकाचा खरा उपयोग इथे आहे. आजारी पाडणाऱ्या जंतूंच्या बाबतीत नाक आणि जीभ दोन्ही कुचकामी. साल्मोनेलाला वास नाही. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि चवीत काही कळत नाही. म्हणून शंका आली तर चाखून खात्री करू नका, तारीख बघा. तारीख उलटली असेल आणि ड्रेसिंग दिसायला उत्तम असेल तरीही टाकून द्या.

उरलेलं वाया जाऊ नये म्हणून गोठवायचं असेल, तर पानं आणि तेल वाटून केलेलं ड्रेसिंग बर्फाच्या साच्यात छान गोठतं, लसूण-तेलही केल्याबरोबर गोठवता येतं. मेयोनीजवर बेतलेलं मात्र वितळताना फाटतं आणि दह्याचं रवाळ होतं.

शंकास्पद ड्रेसिंग खाऊन झाल्यावर उलट्या-जुलाब झाले तर पाणी आणि क्षार पोटात जात राहतील हे बघा. ताप चढला, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात राहत नसेल तर डॉक्टरांकडे जा. बोट्युलिझमची लक्षणं वेगळी असतात आणि ती बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, कधी काही दिवसांनीही. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, मग हातापायांतली ताकद जाणं. ताप बहुधा नसतो, त्यामुळे अन्नातून काही झालं असेल असं चटकन मनात येत नाही. यातलं काहीही जाणवलं तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. यावर प्रतिविष असतं आणि ते जितक्या लवकर मिळेल तितका उपयोग जास्त. झालेलं नुकसान ते भरून काढत नाही, पुढचं थांबवतं. काय खाल्लं आणि केव्हा खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. अशा वेळी बरणी फेकू नका. झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून बाजूला ठेवा, तपासणीसाठी ती लागू शकते.